आधीचा रकाना

...कागदाच्या घडीत अडकलेला खोडरबराचा चुरा, काळपट, वळलेला. तिनं तो नखानं काढून ओट्यावर ठेवला आणि मग उगीचच बोटाच्या पेरानं एका ओळीत लावत बसली. कुकरची तिसरी शिट्टी झाली की चौथी, ते आता सांगता आलं नसतं. कागद गुरुवारपासून तिच्या गाउनच्या खिशात होता, रात्री उशीखाली, सकाळी पुन्हा खिशात. घडीवर घडी पडून तो मऊ, कापडासारखा झालेला. आज शनिवार. उद्या चर्चमधला मुलांचा रविवार.

उघडायची गरज नव्हती. पाठ होता. वहीचं पान, मधोमध जांभळ्या खडूची रेघ — रेघ तिनंच ओढलेली, पट्टी न घेता, एकवीस मुलांच्या एकवीस कागदांवर. डावीकडं 'आधी', उजवीकडं 'आता'. आणि डाव्या रकान्यात सत्यमच्या त्या गोल, जरा जास्तच दाबून काढलेल्या अक्षरात: मी श्रेयाला चिमटे काढायचो. मम्मी बघत नसताना. उजवीकडं: आता नाही काढत.

मम्मी बघत नसताना.

पण मी कधी बघत नसते? — अक्षदाला हे गेले तीन दिवस कुणाला तरी विचारायचं होतं. दहा महिन्यांच्या श्रेयाला ती आंघोळ घालताना बघते, झोपल्यावर छाती वरखाली होते की नाही ते बघते, सासूबाईंच्या मांडीवर असली तरी दारातून डोकावून बघते. सात वर्षांचा सत्यम शाळेच्या रिक्षात चढला की रिक्षा वळेपर्यंत बघते, वळल्यावरही बघते. तिच्या बघण्याला घरात सगळे हसतात. आणि तरी त्या बघण्यात कुठंतरी फट होती, आणि त्या फटीत तिचा मुलगा उभा होता, दोन बोटं जुळवून... नको.

सोमवारी आंघोळीच्या वेळी श्रेयाच्या मांडीवर वाटाण्याएवढा डाग दिसला होता, निळसर-लाल. सासूबाईंनी, चतुराबाईंनी, चष्मा वर करून पाहिला. "कुणी चिमटा घेतल्यावानी दिसतंय न्हवं?" म्हणाल्या, आणि लगेच, "डास आसंल. कातडं लई नाजूक हाय पोरीचं." तेवढ्यावर विषय संपला. अक्षदानं खोबरेल लावलं. मग गुरुवारी सत्यमच्या दप्तरात डबा शोधताना हा कागद.

तिनं त्याला विचारलं नाही. त्याच्या पप्पांनाही सांगितलं नाही. ते वाळूजच्या कंपनीतून येतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत फक्त झोप असते. आणि विचारायचं तर काय? केलंस का? — लिहिलंच आहे की. का केलंस? — या प्रश्नाचं सात वर्षांच्या मुलाकडं उत्तर नसतं, किंवा असतं आणि ते आईला ऐकवत नाही. शिवाय कागदाला दुसराही रकाना होता ना! छावणीतल्या चर्चच्या संडेस्कूलमध्ये, पंख्याखालच्या त्या सतरंजीवर बसलेल्या लहान मुलांना चार वर्षं मी काय शिकवते? की माणूस नवा होतो. वरवर नाही, आतून. की देव एकदा पुसलं म्हणजे पुसतो, पुन्हा उकरत नाही. बायबलमधलं नव्या उत्पत्तीचं वचन मुलांकडून तालावर पाठ करून घेतलंय, हात वर, हात खाली. आणि माझ्या पोटच्या पोरानं उजव्या रकान्यात तीन शब्द लिहिले, तर त्यांच्यावर माझा विश्वास नाही. डावीकडचं सगळं खरं आणि उजवीकडचं... बघू. गुरुवारपासून ती श्रेयाला त्याच्याजवळ एकटं सोडत नव्हती. पाणी प्यायला उठली तरी कडेवर घेऊन उठायची.

शिट्ट्या बहुतेक सहा झाल्या होत्या. वरण गाळ झालं.

— —

दुपारी ऊन कलल्यावर गुलमंडीला जायचं ठरलेलं होतं. कल्पना तिचीच, आणि चर्चच्या पाळकसाहेबांना फार आवडलेली: प्रत्येक मूल काळं कापड पांघरून पुढं येईल, आपलं 'आधी' सांगेल, मग कापड खाली टाकील, आत पांढरा पट्टा असेल, आणि 'आता' सांगेल. पांढरी रिबीन घरात होती. काळं कापड आणायचं राहिलं होतं.

ती श्रेयाला टोपी घालायला लागली तशा चतुराबाई पलंगावरून उठून बसल्या.

"पोरीला कुठं उन्हात न्हेतीस? ठिव की हितं. हाय ना मी. आन् सत्यम हाय."

आन् सत्यम हाय. अक्षदानं टोपीचा बंद एवढा घट्ट बांधला की श्रेयानं हनुवटी वर केली.

"नाही आई, रडेल ती. नेते." आणि मग, श्रेयाला नेलं आणि त्याला ठेवलं तर त्याला कळेल असं वाटून, "सत्यम, चप्पल घाल. तूही चल."

"आगं बया! कापड आणायला चाललीस का जत्रंला?" चतुराबाई हसल्या, त्यांच्या दोन दातांमधल्या फटीतून हसणं शिट्टीसारखं यायचं. "समदं घरदार कडंवर घिऊन फिरतीस. माझ्या सासूनं मला सांगितलं व्हतं, लेकराकडं एक डोळा ठिवावा, आन् एक डोळा झाकावा. तुझे दोन्ही उघडे. दमत न्हाय व्हय गं?"

दमते. पण हे सांगायचं नसतं.

रिक्षात ती मध्ये बसली. एरवी मध्ये सत्यम बसतो, श्रेयाच्या पायाचं बोट धरून. आज तो कडेला गेला, पडेगाव मागं पडलं, छावणी आली, गेली, खाम नदीवरचा पूल आला, आणि मग म्हणाला,

"मी कोपऱ्यात का?"

"तिला ऊन लागतं रे."

ऊन होतं ते त्याच्याच बाजूनं येत होतं. त्यानं डोळे बारीक करून उन्हाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. या मुलाचा हा स्वभाव — समजलं की गप्प बसतो. कुणाचा घेतलाय? अण्णांचा. तिच्या वडिलांचा. सोनाजी असेच, दिवसभर मेंढरांमागं, दोन वाक्यं सकाळी, दोन संध्याकाळी... तिनं तो विचार तिथंच ठेवला. अण्णांचा विचार फार वेळ हातात धरता येत नाही.

— —

गुलमंडीतल्या त्या दुकानात पांढऱ्या गाद्या घातलेल्या, चप्पल बाहेर काढायची. फकिराभाऊ तिथले जुने सेल्समन, खांद्यावर टेप; चर्चच्या पडद्यांपासून नाताळच्या झग्यांपर्यंत सगळं त्यांच्याकडूनच नेलेलं.

"या ताई, या. आज काय?"

"काळं कापड हवंय."

"काळ्यात काय दाखवू? छत्रीचं, अस्तराचं, का बुरख्याचं?"

"लहान मुलांच्या अंगावर टाकायचंय. कार्यक्रम आहे."

"भुतं करायचीत व्हय पोरांची?"

"भूत नाही," सत्यम गादीवर मांडी घालून बसत गंभीरपणे म्हणाला, "पाप करायचंय."

फकिराभाऊंनी टेप खांद्यावरून काढला. "अस्सं! मग सांगा साहेब, पापाला किती मीटर लागतंय?"

"एकवीस जण आहेत."

"एकवीस! मग मीटर कशाला, ठाणच न्या की." आणि स्वतःच्याच विनोदावर खुश होऊन त्यांनी अस्तराचं ठाण असं फेकलं की ते गादीवर गडगडत, उलगडत तिच्या गुडघ्यापर्यंत आलं.

काळं. घसरणारं, थंड, नायलॉनचा वास येणारं. तिनं हात फिरवला, आणि हाताला जे लागायला हवं होतं ते लागलं नाही. खरखर. काळ्याला खरखर असते — हे ज्ञान तिच्या तळहाताला कुठल्याही शाळेच्या आधीपासून होतं. अण्णांची घोंगडी. चिंचोक्याची खळ दिलेली, नवी असताना पत्र्यासारखी ताठ, जुनी झाली की अंगासारखी. थोडी ओली झाली की मेंढराचा वास सोडणारी. अजिंठ्याकडच्या कुणाच्या तरी शेतात मेंढरं बसवलेली असायची, वाघूर वाऱ्यानं हलायची — मेंढरांभोवतीचं ते जाळं — आणि आत कुठंतरी एखादं कोकरू आईला हाका मारत असायचं, आणि अण्णा घोंगडीचं टोक उचलून तिला आत घ्यायचे, न बोलता, जसं कोकराला घेतात तसंच, पाठीशी. आत काळंकुट्ट. आणि त्या काळ्यात तिला जेवढी गाढ झोप लागली तेवढी नंतर पलंगावर, हॉस्टेलवर, लग्नाच्या घरी, कुठंही...

आणि तूच म्हणालीस ना, सगळ्यांसमोर उभी राहून... ती त्या आठवणीच्या उंबऱ्यातूनच मागं फिरली.

"हे चालेल," ती म्हणाली.

"मग जरा हे टोक धरा ताई, माप बघून घेऊ. दोन्ही हातांनी. घसरतंय ते."

दोन्ही हातांनी. श्रेया कडेवर. अक्षदानं इकडं तिकडं पाहिलं. दुकानात दुसरं कुणी बाईमाणूस नव्हतं. आणि तेवढ्यात श्रेयाच स्वतःहून पुढं झुकली, सत्यमकडं, दोन्ही हात पसरून, 'दा, दा' करत, एवढ्या जोरानं की सोडलं नसतं तर निसटली असती. सत्यमनं मांडी ठीक केली. हात पुढं केले नाहीत. आधी आईच्या तोंडाकडं पाहिलं.

हे त्यानं पूर्वी कधी केलं नव्हतं. परवानगी मागितल्यासारखं बघणं.

तिनं दिली.

आणि फकिराभाऊंनी ठाण ताणलं. एक टोक त्यांच्या हातात, एक तिच्या, मध्ये छातीएवढ्या उंचीची काळी भिंत. तिच्या पलीकडं गादीवर तिची दोन्ही मुलं, दिसेनाशी. "एक... दीड..." फकिराभाऊंचं मोजणं. ती टोक धरून उभी. पलीकडं आवाज नव्हता. श्रेया गप्प कधी असते? झोपेत, आणि रडण्याच्या आधी, त्या लांबलेल्या श्वासात, तोंड उघडं आणि आवाज अजून यायचा असतो तेव्हा. मम्मी बघत नसताना. बस तीन सेकंद झाली असतील, चार. ती आयुष्यात इतका वेळ कधी... आणि मग तो आवाज आलाच, पण तो रडण्याचा नव्हता, किंचाळीच होती, पण —

तिनं टोक सोडलं.

"आवो ताई, सोडलं का? माप चुकलं की!"

श्रेया सत्यमच्या मांडीत उभी होती आणि तिनं त्याचा कान मुठीत धरला होता, पिळवटून, सगळा जोर लावून, आणि आनंदानं किंचाळत होती. सत्यमचं तोंड वेडंवाकडं झालं होतं, डोळ्यांत पाणी. पण तो तिची बोटं सोडवत नव्हता. एकेक करून, नख लागणार नाही अशा बेतानं, तिची करंगळी उलगडायचा प्रयत्न करत होता. आणि एक उलगडली की दुसरी मिटत होती.

"मम्मी," तो म्हणाला, "हिची नखं काप ना."

— —

कापडाची पिशवी घेऊन ती बाहेर आली तेव्हा पाय हलके झाले होते. पण हे काहीच नाही, तिनं स्वतःला बजावलं. एका कानानं काय सिद्ध होतं? लिहिलंय त्यानं. दाबून लिहिलंय. खोडून पुन्हा लिहिलंय — चुरा होता ना — म्हणजे लाज वाटली, खोडलं, पुन्हा धीर केला. माझ्या वर्गातल्या इतर वीस मुलांपैकी कुणाला अशी लाज वाटली असेल? म्हणजे तो बदललाय. खरंच बदललाय. मग आनंद का होत नाही... की मला मुलगा बदललेला नकोच आहे, मला तो पहिल्यापासूनच असा नसलेला हवा आहे?

रसवंतीच्या चरकाला घुंगरं बांधलेली होती. सत्यम थांबला म्हणून ती थांबली. बाकावर तिघं बसली. श्रेयाला बोटावर दोन थेंब दिले, तिनं डोळे मिटले.

सत्यमनं अर्धा ग्लास एका दमात संपवला, वरच्या ओठावर फेसाची मिशी.

"मम्मी, उद्या माझा नंबर पहिला लाव ना."

"का रे?"

"नाहीतर मी विसरेन."

"काय विसरशील?"

"माझं पाप."

घुंगरं वाजत होती. चरकात ऊस पुन्हा दुमडून घातला जात होता.

"आत्ता येतंय मला," तो समजावून सांगू लागला. "पण मध्ये बाकीचे सगळे आले, त्यांची त्यांची पापं सांगितली, की मिक्स होतं. काल मी प्रॅक्टिस केली बाथरूममध्ये, तर मी 'चोरी करायचो' म्हणालो. ते तर दुसऱ्याचं आहे."

"पण सत्यम..." तिचा आवाज तिला परका वाटला. "आपण केलेलं... केलेलं कसं विसरेल कुणी?"

त्यानं ग्लास खाली ठेवला. मोठ्या माणसांना कधीकधी अगदी सोपी गोष्ट कळत नाही, तेव्हा मुलं बघतात तसं पाहिलं.

"केलं कुठंय? पाठ केलंय."

...

"तू श्रेयाला चिमटे काढायचास ना?"

"मी कशाला काढू? ती रडती मग."

"मग लिहिलंस कशाला?"

"तूच म्हणालीस ना!" आता तो जरा चिडला. "मी लिहिलं होतं आधी दुसरं. 'मी दूध सांडतो.' तू सगळ्यांसमोर म्हणालीस, हे काय पाप आहे का सत्यम, टीचरचा मुलगा ना तू, घरी जाऊन नीट आठव. मी आठवलं. किती आठवलं! भेंडी टाकून देतो ते लिहिलं, ते पण पाप नाही वाटलं. आजीचा चष्मा घातला होता ते लिहिलं. खोडलं. खोटं बोलायचो हे तिघांनी घेतलं, चोरी दोघांनी. मला काही राहिलंच नाही." तो थांबला. "मग आजी म्हणाली होती ना, चिमटा घेतल्यासारखा डाग आहे. ते कुणी घेतलं नव्हतं. म्हणून मी घेतलं."

"आणि 'मम्मी बघत नसताना'?"

"ते लिहायलाच लागणार ना. नाहीतर सगळे म्हणाले असते, टीचरला कसं नाही दिसलं? तू तर सारखी बघतेस."

ती हसली की काय झालं तिचं तिलाच कळलं नाही. रस नाकात गेला. श्रेया दचकून तिच्याकडं बघायला लागली, मग तीही हसायला लागली, दोन दात दाखवत. रसवाल्यानं आतून ओरडून विचारलं, "क्या हुआ बाजी, पानी होना क्या?" आणि तिनं हातानंच नको म्हणून सांगितलं, कारण बोलायला गेली असती तर सगळं बाहेर आलं असतं: गुरुवारची रात्र, शुक्रवारची रात्र, रिक्षातला कोपरा, दोन बोटं जुळवलेला तो मुलगा जो कुठंच नव्हता, ज्याला तिनं स्वतःच तीन दिवस घरात वाढवलं होतं, खाऊपिऊ घातलं होतं. गेला. उसाच्या चोथ्याबरोबर त्या डब्यात पडला.

मग, अर्थातच, तिचा स्वभाव: आणि आत्ता सांगतोय हे खरं कशावरून? — तिनं पर्स उघडली, निघताना खिशातून तिच्यात टाकलेला कागद काढला, उन्हापुढं धरला. उन्हात कागद पारदर्शक झाला आणि डाव्या रकान्यात 'चिमटे'च्या खाली, दाबून लिहिल्यामुळं खोडूनही न गेलेल्या ओळी दिसल्या, एकीवर एक, खोदल्यासारख्या. ...दूध... भेंडी... चष्मा. आणखी एक होती, ती लागली नाही. बिचारा. एवढंसं पोर, टेबलाशी बसून, पेन्सिल चावत, पाप शोधतंय; आयुष्यातलं एकेक उचलून बघतंय की हे पुरेसं काळं आहे का...

काळं.

आता ती आठवण आली, आणि यावेळी ती उंबऱ्यातून मागं फिरली नाही.

आठ वर्षांपूर्वी. तिच्या बाप्तिस्म्याचा रविवार. आदल्या संध्याकाळी मंडळीतल्या काकासाहेबांनी — म्हातारे, भले, तिला मुलीसारखी मानणारे — तिच्याकडून साक्ष वदवून घेतली होती. साक्ष म्हणजे उभं राहून सांगायचं, प्रभूनं आपल्याला कुठून कुठं आणलं. तिनं आपलं सांगितलं होतं तेव्हा ते फार थोडं झालं होतं. की मी कॉलेजात असताना सतत घाबरलेली असायचे, कशाला ते माहीत नाही, आणि एका मैत्रिणीबरोबर इथं येऊन शेवटच्या बाकावर बसले, लोक गात होते, सूर चुकत होता, आणि गाता गाता कधीतरी माझ्या खांद्यावरून काहीतरी उतरलं. कुणीतरी उतरवून घेतलं. बस एवढंच. काकासाहेब म्हणाले होते, "ते झालं, पोरी. पण आधी काळोख मांडावा, मंग उजेड दिसतो माणसाला. तुझं आधीचं सांग की." आणि तिनं रात्रभर आठवलं. शोधलं. सापडेना. आणि सकाळी उभी राहून स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाली होती: मी काळोखात वाढले. आमच्या घरात शांती नव्हती.

शेवटच्या बाकावर सोनाजी बसले होते. लेकीनं बोलावलं म्हणून पहाटेच्या एसटीनं आलेले. घडी घातलेली घोंगडी गुडघ्यावर, तिच्यावर दोन्ही हात. लेकीनं देव बदलला यावर ते तिला एक शब्द बोलले नव्हते, तेव्हाही नाही, नंतरही नाही. बाहेर जांभळाखाली चहा पिताना म्हणाले, "बरं बोललीस. पार मागपत्तुर आवाज येत व्हता."

मागपर्यंत आवाज येत होता.

आठ वर्षं मी हे वाक्य ऐकते आहे. आणि आठ वर्षं मला वाटत आलं की मी कुठला तरी मोठा गुन्हा केलाय, एवढा मोठा की त्याला हात लावता येणार नाही — आणि तो असा होता? असा? वहीचं पान, पेन्सिल चावणारी मुलगी, कुणीतरी चांगल्या मनानं म्हटलेलं 'नीट आठव', आणि रिकामा रकाना बघवेना म्हणून त्यात कोंबलेली एक घोंगडी. खांद्यावरून उतरलं होतं ते खरं होतं. त्याला आधी काळं फासायची गरज नव्हती. ज्यानं उतरवलं त्यानं तर काही विचारलं नव्हतं.

लहान होते मी. बावीस वर्षांची, पण लहान.

"मम्मी, संपव ना. बर्फ विरघळला."

तिनं रस संपवला. गार, आल्याचा, जरा जास्तच गोड.

"मग उद्या मी काय म्हणू?" सत्यमनं विचारलं. हा प्रश्न त्याच्यापुरता अगदी खरा होता. उद्या सकाळी नऊला वीस मुलं, त्यांचे आईबाप, पाळकसाहेब, आणि तो.

"दूध सांडायचो, ते म्हण."

"पण ते पाप..."

"मी चुकले होते रे. चुकून बोलले."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. टीचर चुकल्या ही माहिती त्यानं कुठंतरी आत नीट ठेवून दिली, हे तिला दिसलं.

"पण मी तर अजून सांडतो," तो म्हणाला. "काल पण सांडलं. मग 'आता'मध्ये काय?"

काय? मीही अजून घाबरते की. उतरलेलं पुन्हा कितीदा चढून बसतं. आणि तरी काहीतरी झालंय हे नाकारता येत नाही, शेवटच्या बाकावर, त्या चुकलेल्या सुरात... हे सात वर्षांच्या मुलाला कुठल्या रकान्यात लिहून द्यायचं?

"सध्या राहू दे तसंच," ती म्हणाली. "रिकामं."

"चालतं?"

"माहीत नाही. चालवून बघू."

— —

परतीच्या रिक्षात तो विचारायच्या आधीच ती कडेला सरकली. सत्यम मध्ये चढला, हात पुढं केले, यावेळी तिच्या तोंडाकडं न बघता, आणि श्रेया त्याच्या मांडीवर गेली. भडकल गेटपर्यंत ती त्याच्या शर्टाची गुंडी चघळत होती. मग मान टाकली.

मावळतीकडं तोंड करून रिक्षा चाललेली, ऊन समोरून, आडवं, डोळ्यांत. "एक मिनट," सत्यम रिक्षावाल्याला की कुणाला म्हणाला, आणि तिच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीतून ते अस्तर ओढायला लागला, संपत नाही असं, हात-हातभर. ठाणातला पहिला पदर निघाला तसा त्यानं तो श्रेयाच्या तोंडावरून नाही, डोक्यावरून घेतला, पुढं छपरासारखा धरला, मग हात दुखला असेल म्हणून स्वतःच्याही डोक्यावरून ओढून घेतला. आत दोघं. आतून त्याचा आवाज आला, "झोप. झोप आता," कुणीतरी मोठं माणूस बोलतं तसा, कमी शब्दांत.

अण्णांना फोन करायला हवा. या वेळेला ते वाघुरीपाशी असतात, उचलत नाहीत लवकर. उचलला की म्हणतात, "बोल." आणि मग थांबतात, दुसरा माणूस बोलेपर्यंत थांबायची त्यांची ताकद मोठी आहे. काय बोलू? की अण्णा, ते शांती नव्हती म्हणाले होते ना मी... ते म्हणतील, "कवा?" त्यांना आठवत असेल. तरी म्हणतील.

पुलावर वारा लागला. खाली नदीत पाणी नव्हतं, दोन पांढरे बगळे कशात तरी चोच घालत उभे होते, एक माणूस कठड्याला टेकून केळं सोलत होता, सालीची चारी टोकं अगदी सारखी खाली आणत. पुढं छावणीतली झाडं, त्यांच्यामागं चर्चच्या छपराचा एक कोपरा, उद्या तिथं सतरंजी झटकावी लागेल, एकवीस तुकडे अजून कापायचेत — कापायचेत का? — एका दुकानावर हिरवी जाळी बांधत होते...

गतिरोधकावर रिक्षा उडाली, आणि तिला एकदम जाणवलं की ती बाहेर बघते आहे. केव्हापासून? भडकल गेटपासून? त्याच्याही आधीपासून? डाव्या बाजूला, कोपरभर अंतरावर, काळ्या कापडाखाली तिची दोन्ही मुलं होती आणि तिनं एकदाही...

मान वळवायला ती निघाली होती. मग राहू दिली. केळं सोलणारा तो माणूस दिसतो का म्हणून मागं पाहिलं. पूल कधीच गेला होता.